जिगसॉ नावाचा उस्ताद

नववीच्या वह्या तपासताना एका वहीच्या शेवटच्या पानावर आम्हांला लाल-काळ्या पेनाने काढलेले एक चित्र दिसले. पांढरा चेहरा, लाल ओठ आणि दोन्ही गालांवर लाल चक्रे. मुलाला उभे करून विचारले, ‘‘ये कौन है?’’ तो म्हणाला, ‘‘फिल्म का पुतला है, सर. जिगसॉ का.’’ आमच्या कपाळावरची आठी पाहून त्याने आमची समजूत काढली, ‘‘वो किसी को मारता नहीं, सर. सबक सिखाता है.’’

वर्ग हसला. आम्हांला हसता आले नाही. कारण हेच वाक्य आम्ही शिक्षकांच्या खोलीत अनेकदा ऐकले आहे. खरे सांगायचे तर स्वतःही उच्चारले आहे.

ज्या चित्रपटातून हा पुतळा आला त्याचे नाव ‘सॉ’. तो प्रौढांसाठी आहे. मुलांनी त्याचे तुकडे मोबाईलवर पाहिलेले असतात. आम्ही तो पुरता पाहिला, आवडीने नव्हे, त्या वाक्याचा पाठलाग करण्यासाठी. जेम्स वॉन आणि ली व्हॅनेल हे मेलबर्नचे दोन तरुण मित्र. पैसा नव्हता, म्हणून त्यांनी एका खोलीत अडकलेल्या दोन माणसांची गोष्ट रचली. व्हॅनेलला त्या काळात डोकेदुखीने ग्रासले होते आणि मेंदूत गाठ तर नाही ना, या धास्तीने तो डॉक्टरांकडे गेला होता. त्या धास्तीतूनच कर्करोगाने मरणपंथाला लागलेला जॉन क्रेमर, म्हणजेच ‘जिगसॉ’, जन्माला आला. ऑस्ट्रेलियात पैसे मिळेनात, तेव्हा एका प्रसंगाचा लघुपट करून त्यांनी तो लॉस एंजलिसला पाठवला. तेथे अवघ्या १८ दिवसांत चित्रण उरकले. सुमारे १२ लाख डॉलरांत झालेल्या या चित्रपटाने २००४ साली १० कोटी डॉलरांहून अधिक मिळवले. त्यानंतर २०१० पर्यंत दरवर्षी एक भाग आला, आणि २०२३ साली दहावा.

जिगसॉची शिकवण साधी आहे. ज्यांना जगण्याची किंमत नाही त्यांना मृत्यूच्या सापळ्यात अडकवायचे, स्वतःचे रक्त सांडून सुटण्याची एक वाट ठेवायची आणि म्हणायचे, निवड तुझी. जो सुटेल तो शहाणा होईल. जो मरेल तो स्वतःच्या दोषाने मरेल. मी मारणारा नाही, मी शिकवणारा आहे.

पण पहिल्या भागात हा धडा कोणाला मिळतो ते पाहावे. एकाने स्वतःच्या मनगटाची नस कापून घेतली होती. त्याला काटेरी तारांच्या पिंजऱ्यात टाकले जाते. दुसरी अमांडा, नशेच्या आहारी गेलेली. म्हणजे ज्यांना हात द्यायला हवा होता त्यांच्यावरच कृतघ्नपणाचा आरोप ठेवून खटला चालवला जातो. अमांडाच्या सुटकेची किल्ली एका निश्चेष्ट माणसाच्या पोटात असते आणि तो माणूस जिवंत असतो. त्याला फाडूनच ती वाचते. पुढे पोलिसांसमोर ती सांगते की त्या माणसाने मला मदत केली. पोट फाडले गेले त्याला विचारायला कोणी जात नाही. जाणार तरी कसे?

समीक्षकांनी या मालिकेला प्रारंभी फारसे उभे केले नाही. रॉजर एबर्ट यांनी पहिल्या भागाला चारपैकी दोन तारे दिले. २००६ साली डेव्हिड एडेलस्टीन यांनी ‘न्यूयॉर्क’ मासिकात अशा चित्रपटांना ‘टॉर्चर पॉर्न’ हे नाव दिले आणि ते चिकटले ते कायमचे. कैद्यांना यातना देणे योग्य की अयोग्य, असा वाद त्या काळी अमेरिकेत चालू होता. इराकमधल्या अबू गरेब तुरुंगातली छायाचित्रे २००४ च्या एप्रिलमध्ये जगापुढे आली होती, आणि ‘सॉ’ त्याच ऑक्टोबरमध्ये चित्रपटगृहांत लागला. मात्र न्यायाने सांगायला हवे की सनडान्स महोत्सवात तो त्या जानेवारीतच दाखवला गेला होता. छायाचित्रे पाहून चित्रपट सुचला नव्हता. तुरुंगातला पहारेकरी आणि पडद्यावरचा जिगसॉ यांनी एकमेकांची नक्कल केलेली नाही. ‘हे आवश्यक आहे’ हे वाक्य मात्र दोघांनाही आयतेच मिळाले.

हे वाक्य आम्हां लोकांना परके आहे का? आमच्या घरांतून मुलाला उस्तादाच्या हवाली करताना म्हणत, ‘‘गोश्त आपका, हड्डी हमारी.’’ म्हणजे सोलून काढा, हाडे तेवढी परत द्या. यात बापाचा विश्वास होता, उस्तादाचा आदर होता, सारे काही होते. ज्याचे गोश्त होते त्याला मात्र कोणी विचारत नसे.

बी.एड.च्या परीक्षेत ‘शिक्षेचे दुष्परिणाम’ या प्रश्नाला आम्ही पानभर उत्तर लिहिले होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे या दोन्ही गोष्टींना मनाई केली आहे, हेही आम्हांला पाठ होते. तरी नोकरीच्या पहिल्या वर्षी रोज उशिरा येणाऱ्या एका मुलाच्या तळहातावर आम्ही फुटपट्टी मारत असू. ‘वक्त की कद्र’ कळावी म्हणून. पुढे तो येईनासा झाला. चौकशी केली तेव्हा कळले की तो रात्री यंत्रमागावर कांड्या भरायचा आणि पहाटे घरी जायचा. वेळेची किंमत त्याला आमच्याहून अधिक ठाऊक होती.

त्याच वर्गातला दुसरा एक मुलगा आता चांगल्या नोकरीत आहे. परवा बाजारात भेटला. वाकून सलाम केला आणि म्हणाला, ‘‘सर, आपने मारा इसलिए हम सुधर गए.’’ एकेकाळी असे वाक्य ऐकून आमची छाती फुगली असती. त्या दिवशी आम्हांला अमांडा आठवली. सुधारलेला मुलगा बाजारात भेटतो, सलाम करतो. जो गेला तो आभार मानायला येत नाही आणि तक्रार करायलाही येत नाही. शिक्षेच्या बाजूने जे साक्षीदार उभे राहतात ते सारे वाचलेले असतात, म्हणून आम्ही हा खटला नेहमी जिंकतो.

यावर कोणी म्हणेल, वेदनेशिवाय माणूस घडतो का? घडत नाही, हे मान्य. याच मालिकेच्या निर्मात्यांनी चित्रपटांच्या निमित्ताने रेडक्रॉसबरोबर रक्तदानाच्या मोहिमा चालवल्या. तेथेही सुई टोचते, रक्त जाते. पण तेथे देणारा स्वतःहून हात पुढे करतो. मूल परीक्षेसाठी रात्र जागते तेव्हा तीही वेदनाच असते. स्वतः पत्करलेली वेदना आणि लादलेली वेदना यांतले अंतर ‘निवड तुझी’ या दोन शब्दांनी भरून निघत नाही. पिंजऱ्यात कोंडून दिलेली निवड ही निवड नव्हे.

घाईने निवाडा करणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटली असे आम्हांला वाटते. जिगसॉच्या शिकवणीचा खरा निकाल याच मालिकेने, २००६ च्या तिसऱ्या भागात, दिला आहे. त्याची शिष्या अमांडा जगण्यावर प्रेम करायला शिकलेली नाही. ती स्वतःला इजा करते आणि इतरांसाठी असे सापळे रचते की ज्यांतून सुटकेची वाटच नाही. उस्तादाने दिला तो धडा तिने घेतला नाही. त्याची पद्धत तेवढी घेतली. मार खाल्लेली मुले मोठी होऊन शिक्षक होतात, बाप होतात. ती काय शिकली, हे त्यांच्या हातांकडे पाहून कळते.

पण मालिका स्वतःचाच निकाल विसरली. दहाव्या भागात जॉन क्रेमर जवळजवळ नायक झाला आहे. कर्करोगाच्या खोट्या उपचारांनी रुग्णांना लुबाडणारी टोळी त्याच्यासमोर आहे आणि प्रेक्षकाला वाटते, बरे झाले, असेच पाहिजे यांना. मालिकेतल्या कोणत्याही भागाला मिळाली नव्हती इतकी वाहवा समीक्षकांनी याच भागाची केली. चित्रपट अधिक नेटका आहे हे खरे. तरीही मनात शंका राहते. आपल्याला यातनांचा तिटकारा होता, की केवळ यातना भोगणारा माणूस निर्दोष असण्याचा? समोरचा पुरेसा वाईट असला की आपण सारेच जिगसॉच्या वर्गात जाऊन बसतो.

त्या मुलाला आम्ही वही परत दिली. चित्र फाडले नाही. एवढेच विचारले, ‘‘जो पिंजरे से निकल नहीं सका, उसने क्या सबक सीखा?’’ तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, ‘‘वो तो मर गया, सर.’’

आम्ही त्याला बसायला सांगितले आणि हजेरीपट उघडला. आता कोणी उशिरा आले तर आम्ही आधी विचारतो, रात्री कोठे होतास?