दोष कोणाचा?

प्रिय धर्मग्रामस्थहो,

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारले, की हे पाप त्याचे की त्याच्या आईवडिलांचे (योहान 9). प्रभूने दोघांनाही दोषमुक्त केले. तरी आपल्या घरांत हा प्रश्न अजून विचारला जातो. मुलाची दृष्टी अधू निघाली, की बोट सुनेच्या माहेराकडे वळते.

रेटिनायटिस पिगमेंटोसा या विकारात आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग बाजूची नजर आक्रसत जाते. दृष्टिपटलाला लागणाऱ्या एखाद्या जनुकात बिघाड असतो. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. या विकाराच्या एका प्रकारात एकच प्रत बिघडलेली असली, तर माणसाची नजर चांगली राहते. त्याला काही ठाऊकही नसते. अशा दोघांचे लग्न झाले, तर प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता 4 पैकी 1 असते. नात्यात लग्न झाल्यास असा योग अधिक जुळतो. मग एकट्या सुनेला बोल का?

तळवड्याच्या कारखान्यांत राबणाऱ्यांना हे चटकन कळेल. ड्रॉइंगमध्येच माप चुकले, तर मशिनवरच्या कामगाराचा दोष नसतो. पण चूक ध्यानात आल्यावरही तो गप्प राहिला, तर? दोष नसला, तरी कळल्यानंतर जबाबदारी येते.

म्हणून लग्न ठरवताना घरातला असा आजार लपवू नये. वैवाहिक जीवनात गंभीर बाधा आणू शकणारी गोष्ट संमती मिळवण्यासाठी लपवून फसवणूक केली, तर 1983 च्या कॅनन लॉनुसार (कलम 1098) तो विवाह अवैध ठरतो. तसेच घरात कोणाला रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोग झाला असेल, तर लहान भावंडांचे डोळे ताबडतोब तपासून घ्यावेत. वेळेवर उपचार झाल्यास जीव वाचतो, अनेकदा दृष्टीही.

'खरे सांगितले तर स्थळ मोडेल,' असे पालक म्हणतात. कदाचित मोडेलही. त्या जन्मांधाचे आईवडीलही प्रश्न टाळून मोकळे झाले, कारण समाज आपल्याला बाहेर काढील अशी त्यांना भीती होती. तेव्हा बोलणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही कसोटी आहे. कुणी विश्वासाने घरचे दुखणे सांगितले, तर त्याची चर्चा चर्चच्या आवारात होऊ नये. सत्य सांगायला भीती वाटणार नाही, असा आपला धर्मग्राम असावा.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू