स्पर्शाची साक्ष

फिलिपाईन्स देशाने 2009 साली कायदा करून 'आर्निस' या काठीच्या युद्धकलेस राष्ट्रीय खेळाची प्रतिष्ठा दिली. गुरूच्या अंगणात शिकविल्या जाणाऱ्या या विद्येस आज पंच, गुणपत्रक, कवच आणि आंतरराष्ट्रीय संघटना लाभल्या आहेत. वेताच्या काठीचा घाव उघड्या अंगावर बसला, म्हणजे तो कोणास बसला हे विचारावे लागत नाही. वेदना हीच साक्ष. अंगावर जाड कवच चढले की ती साक्ष मुकी होते आणि तिसऱ्याच्या डोळ्यांची गरज पडते. जीव राखणारे कवच कोण नाकारील? परंतु त्याबरोबर खरे सांगण्याचा भार खेळाडूवरून उतरून पंचावर जातो, तो कायमचाच.

आपल्या हुतूतूने हीच वाट चालली. परभणीकडच्या काळ्या रानात, पिके निघाल्यावर, पोरे पायाने रेघ ओढीत आणि खेळ सुरू होई. दम तुटला की नाही, हे चढाई करणाऱ्याच्या छातीलाच ठाऊक. या आठवणीने आम्हांस गहिवर येतो खरा. पण मालकाच्या मुलाचा दम तुटला असे म्हणण्याची छाती गड्याच्या मुलास होत नसे, हेही आम्ही पाहिले आहे. मुली तर बांधावरच उभ्या. छापील नियमाने प्रथम काही केले असेल, तर ते हे की, दुबळ्याच्या शब्दाचे ओझे त्याने आपल्या अंगावर घेतले. म्हणून नियमपुस्तकाची सरसकट टवाळी करणारांशी आमचे जमत नाही.

1936 साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन येथे कबड्डीचे दर्शन घडविले. 1990 साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत तिला पदकाचे स्थान मिळाले. पुढे 2023 साली हांगझोऊ येथे भारत व इराण यांचा अंतिम सामना 28-28 असा बरोबरीत असता, शेवटच्या मिनिटांत भारताचा चढाईपटू स्पर्शावाचून राखीव क्षेत्रात गेला. त्याच्यामागे धावलेले इराणी खेळाडूही जुन्या नियमाने बाद. नव्या नियमाने तो एकटाच बाद. पंचांचा निर्णय पुन:पुन्हा फिरला, खेळाडू मैदानावर बसून राहिले, सुमारे तासभर खेळ थांबला. अखेर भारत 33-29 असा विजयी झाला.

आम्हांस आनंद झाला, हे लपवीत नाही. पण तो निर्भेळ नव्हता. वाद स्पर्शाचा असता, तर एखाद्या सत्यवचनी खेळाडूने तो मिटविला असता. हा वाद दोन नियमांचा होता, आणि तेथे खेळाडूची सचोटी निरुपयोगी ठरली. ज्या संस्थेने खेळाडूकडून त्याची साक्ष काढून घेतली, तिने निदान कोणत्या नियमाने आज खेळावयाचे, एवढे तरी त्याला आधी नि:संदिग्ध सांगावयास नको काय? आर्निस असो वा आपली लाठी, उद्या त्यांचे जागतिक नियम करणारांनी प्रथम याचा हिशेब द्यावा.

मागील उन्हाळ्यात पूर्णेच्या काठी एका रानात मुले खेळत होती. पंच नव्हता. चढाईवर गेलेल्या मुलाने मध्येच स्वत: हात वर केला आणि तो रेघेबाहेर जाऊन उभा राहिला. त्याच्या पक्षाची मुले त्याला शिव्या देत होती.