राग, मागणी आणि अर्ज

वैरागच्या स्टँडवर बार्शीच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी एक गृहस्थ पुतण्याला समजावत होते. पोराला चाकणच्या कुठल्याशा कंपनीत कंत्राटी काम लागलं होतं. "युनियन-बिनियनच्या नादाला लागू नको बाबा. लाल बावट्यानं सोलापूरच्या गिरण्या खाल्ल्या, एवढं ध्यानात ठेव." बोलण्यात वैर नव्हतं, माया होती. म्हणूनच ते मला जास्त टोचलं. मायेने दिलेला सल्ला पोरं जन्मभर सांभाळतात.

सोलापूरचा मे १९३० आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नको. गांधीजींची अटक, ८ मेचा गोळीबार, पोलीस निघून गेल्यावर स्वयंसेवकांनी राखलेलं शहर, १२ मेला लागलेला मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चौकातल्या चार पुतळ्यांना हार पडतात. पण 'गझनफर' काढणारे कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करत होते, आणि त्या दिवसांत रस्त्यावर उतरलेल्यांत गिरणीतली माणसं मोठ्या संख्येने होती, हे हार घालताना कुणी बोलत नाही. हुतात्मे आपण ठेवून घेतले आणि कामगार वगळले. मग कामगारांच्या नावावर गिरण्या बुडवल्याचं बालंट तेवढं उरलं.

हे कामगार तरी कोण होते? १८७७ साली सोलापुरात जुनी मिल सुरू झाली तेव्हा मुलुखात मोठा दुष्काळ होता. त्या आणि पुढच्या दुष्काळांत कोरडवाहू गावांतली माणसं पोटासाठी गिरणीच्या दारात गेली. शहरात 'सेटलमेंट' होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात डांबलेल्यांनाही गिरणीत राबायला नेत. ज्यांच्या राबण्याला किंमत नव्हती, त्यांनी तिथे पहिल्यांदा किंमत बोलून दाखवली.

मला फार दिवसांपासून एक फरक महत्त्वाचा वाटत आला आहे, राग आणि मागणी यांतला. राग पेटतो, जाळतो, विझतो. मागणीला आकडा असतो. तिच्यावर बोलणी होतात, ती निम्मी पदरात पडते आणि उरलेल्या निम्मीसाठी पुढची पिढी उभी राहते. ८ मे १९३० ला होता तो राग. १९३४ साली मजुरीच्या प्रश्नावर सोलापूरचे कामगार संपावर गेले, ती मागणी. रागाला हिशेब शिकवणं हेच डाव्या कामगार पुढाऱ्यांचं सगळ्यात मोठं काम, असं मी मानत आले.

आता त्या गृहस्थांच्या आरोपाकडे येते. संपाने गिरण्या बुडतात, तर अहमदाबादच्या का बुडाल्या? तिथे १९२० पासून गांधीजींच्या प्रेरणेने उभा राहिलेला मजूर महाजन होता. लवाद आणि सलोखा ही त्याची रीत. तरीही ऐंशीच्या दशकात तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, नफा गिरणीत परत न घालणारे मालक हे रोग बावट्याचा रंग बघून येत नाहीत. आणि वैरागहून इतकं लांब जायलाच कशाला हवं? आमच्या बार्शीची टेक्स्टाईल मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. सरकारी महामंडळाची मिल होती ती. तिथे कोणता संप झाला होता?

एक गोष्ट मात्र मान्य करते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कुठे थांबायचं हे तिथे रागाने ठरवलं, हिशेबाने नाही. गृहस्थांच्या मनात बहुधा तोच संप असावा, आणि मुंबईची जखम ते सोलापूरला लावत असावेत.

इथे जरा वाट सोडून कोळशाकडे वळते. कोळसा खाणींतल्या कामगारांची ताकद कशात, याचं एक उत्तर मला फार पटायचं. सगळा कोळसा खाणीच्या एका तोंडातून वर येतो आणि एकाच रुळावरून जातो. ते तोंड अडवलं की शहरं थंड पडतात. घुग्घुस-बल्लारपूरच्या खाणी घ्या, नाहीतर धनबादच्या. गिरणीलाही असंच एक दार होतं, एक भोंगा होता. आमच्या भागात असं तोंडच नाही. ऊसतोड, खुरपणी, वीटभट्टी, सगळं विखुरलेलं. म्हणून इथे मागणी उभी राहत नाही, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती.

ती समजूत दोन ठिकाणी फसली. १९७२ च्या दुष्काळात माझी आत्या खडी फोडायला जायची. मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी तिच्या बोलण्यात शेवटपर्यंत यायची. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. डाव्या पक्षांनी ती कामंच गिरणीचं दार केली. मजुरी, मोजमाप, हजेरीपट यांसाठी मोर्चे निघाले. त्या दबावाचा मोठा वाटा असलेला रोजगार हमीचा कायदा १९७७ ला झाला, आणि त्याच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. दुसरं ठिकाण सोलापूरच्या विडी कामगार बायकांचं. प्रत्येकीचं सूप तिच्या मांडीवर, तिच्या घरात. अडवायला तोंड कुठेच नाही. तरी डावे कामगार पुढारी नरसय्या आडम यांच्यासोबत वर्षानुवर्षं लढून त्यांनी कुंभारीच्या माळावर १० हजार घरांची वसाहत मिळवली. ही माणसं कुठल्या दाराने एकत्र आणली?

याचं उत्तर मला एका गावच्या कचेरीत मिळालं. रोजगार हमीचं काम मागायला वस्तीतल्या बायांबरोबर गेले होते. त्या कागदाचं नावच 'काम मागणी अर्ज'. पोच दिली की पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेकारी भत्ता. म्हणून पोच मिळत नव्हती. "ठेवून जा, बघतो," एवढंच उत्तर. मी कायदा समजावत राहिले. माझ्याकडे आकडा होता, कलम होतं, मागणी चोख होती. त्यातल्या एकीने डोईवरचा पदर कमरेला खोचला आणि ती पायरीवर बसली. मग दुसरी बसली, मग सगळ्या. कुणी घोषणा दिली नाही. दिवस मावळताना शिक्के उठले.

माझा आवडता फरक त्या पायरीवर मोडला. रागातून सुटलेली मागणी अर्ज होते, आणि अर्ज फायलीत जातो. पायरीवर बसलेल्या बायांसारखंच विडीवाल्या बायकांना एकत्र आणणारं दारही सामाईक अपमानाचं होतं. हिशेब रागाला मारत नाही, त्याला वर्षानुवर्षं टिकवतो. १९३० आणि १९३४ वेगळे काढून मी चार वर्षांच्या एकाच गोष्टीचे दोन तुकडे करत होते.

त्या दिवशी गाडीत मी त्या पोराशी काहीच बोलले नाही, याची चुटपुट लागून राहिली आहे. आता भेटला तर एवढंच सांगेन : पहिल्या महिन्याला पगाराची चिठ्ठी माग. नाही दिली तर दारातून हलू नको. आणि जाताना एकटा जाऊ नको.