कसा हाये गा पिच्चर?

नागपूरहून सिनेमा पाहून परतलेल्या माणसाला पवनीत हटकून एकच प्रश्न विचारतात, "कसा हाये गा पिच्चर?" विचारणाऱ्याला रसग्रहण नको असतं. आपण जायचं की नाही, एवढंच त्याला ठरवायचं असतं. भिवापूर, उमरेड करत नागपूर ऐंशीएक किलोमीटर. एसटीचं जाणं-येणं, माणशी तिकीट, मध्यंतरात पोरांनी धरलेला हट्ट आणि वर एक अख्खा दिवस. धान चुरण्याचे दिवस असले तर त्या दिवसाची मजुरीही हिशेबात धरायची. तेव्हा "मस्त हाये, जाऊन ये" म्हणणारा नुसतं मत देत नाही, समोरच्याच्या खिशाला हात घालतो. तो अर्धा जामीनदार होतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या भरवशावर त्यांचा शेजारी घरची पाच माणसं घेऊन गेला आणि सिनेमा निघाला भिकार. पुढे दोन महिने हे गृहस्थ चहाच्या टपरीवर दिसले की शेजारी "या परीक्षक साहेब" म्हणून खुर्ची पुढे करायचा. शेवटी गृहस्थांनी टपरी बदलली.

वर्तमानपत्रातल्या ताऱ्यांना टपरी बदलावी लागत नाही. साडेतीन तारे म्हणजे नेमकं काय हे मला आजवर कळलेलं नाही. तो अर्धा तारा कुठल्या प्रसंगात गळून पडला, हे कोणी लिहीत नाही. पवनीचं मोजमाप त्यामानाने स्वच्छ आहे. "पाहाच" म्हणजे पाहाच. "पाहण्यासारखा हाये" म्हणजे नागपुरात दुसरं काही काम असेल तर पाहा. "टाइमपास हाये" हे ज्याचं तिकीट दुसऱ्याने काढलं त्याचं मत. आणि गेल्या पाच-सहा वर्षांत निघालेला नवा दर्जा, "मोबाइलवर येऊ दे". यात सिनेमाची निंदा नाही, पण एसटी मात्र वाचली.

ही मतं मी गंभीरपणे घेतो. सामान्य माणसाला सगळं कळतं, असल्या भाबड्या लोकशाहीवर माझा विश्वास आहे म्हणून नव्हे. घेतो याचं कारण, मत देणारा मला माहीत असतो. आमचे केस कापणारे भाऊ आहेत. रडका सिनेमा त्यांना सोसत नाही. त्यांनी "बोर हाये" म्हटलं की मी समजतो, सिनेमात आई मरते. घरी जाऊन बायकोला सांगतो की बहुतेक चांगला आहे. एका मास्तरांना इतिहासपट सोडून काही रुचत नाही आणि इतिहासपट पाहिला की त्यातल्या चुका सोडून काही दिसत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत 'छावा' आला, तेव्हा ते दोनदा पाहून आले. चुका एका खेळात मावल्या नाहीत म्हणे. ही माणसं निष्पक्ष नाहीत, आणि तीच त्यांची किंमत. त्यांचा पक्षपात मला लहानपणापासून पाठ आहे, म्हणून त्यांच्या मतातून तेवढा वजा करून उरलेलं मी घेऊ शकतो. मिरचीचा व्यापारी ढिगातली एक मिरची मोडून वास घेतो, आणि ती कोणाच्या वावरातली हेही विचारतो. नुसत्या वासावर तो जात नाही.

जाणकार चुकतात आणि गर्दी बरोबर ठरते, याचे दाखले जुनेच आहेत. 15 ऑगस्ट 1975 ला 'शोले' लागला तेव्हा धंद्यातल्या लोकांनी पहिल्या आठवड्यात मान हलवली होती. पाहून आलेल्यांनी घरी, नाक्यावर, गाडीत संवाद म्हणून दाखवले आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. त्याच वर्षी आलेल्या 'जय संतोषी माँ'मागे तर मोठं नाव नव्हतं की मोठा पैसा. तो बायकांनी एकमेकींना सांगून चालवला. पण गर्दी चुकल्याचे दाखले कोणी जपून ठेवत नाही. चांगला सिनेमा तीन दिवसांत उतरवला गेला, तर त्याची आठवण ठेवायला गर्दीच नसते. तेव्हा या दाखल्यांवर फार मोठा इमला बांधू नये.

पवनीच्या चवीबद्दल बोलायचं तर सिनेमाच्या आधी नाटकाकडे जावं लागतं. आपण झाडीपट्टीत राहतो. दिवाळी झाली, धान घरात आलं की मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री नाटक. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत खेळ चालतो. गाणी, विनोद, रडारड, सूड, सगळं एकाच तिकिटात. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळांना अशी रंगभूमी आहे हे पहिल्यांदा कळलं. इथला प्रेक्षक थंडीत घोंगडं पांघरून जमिनीवर बसतो आणि त्याचं परीक्षण जागच्या जागी होतं. प्रवेश पडला तर तो उठून चहाला जातो. रंगला तर बक्षिसाची नोट घेऊन रंगमंचाकडे चालू लागतो. नटाला आपल्याबद्दलचं मत सकाळच्या पेपरात वाचावं लागत नाही, ते त्याच्या डोळ्यांसमोर उठून जाताना दिसतं.

या प्रेक्षकाने मल्टिप्लेक्समधून बाहेर येऊन "दोन घंट्यात खतम केला जी" अशी तक्रार केली की शहरातला माणूस हसतो. पूर्वी मीही हसायचो. आता वाटतं, ही तक्रार अडाणीपणाची नाही, सवयीची आहे, आणि सवय म्हणजे काही पिढ्यांचं शिक्षण. ज्याने रात्रभर एका कुटुंबाचं उद्ध्वस्त होणं टप्प्याटप्प्याने पाहिलंय, त्याला दोन तासांत प्रेम, लग्न, फसवणूक आणि पश्चात्ताप उरकणारी माणसं खोटी वाटणारच. "घाई केली" हे त्याचं मत मला कित्येक छापील परीक्षणांपेक्षा नेमकं वाटतं. विनोदाने डोळे पुसून पुन्हा रडवायचं असतं, हेही त्याला ठाऊक आहे. एकच रस घोटत बसणाऱ्या सिनेमाला तो "एकसुरी" म्हणत नाही, "मीठच नाही गा" म्हणतो.

आणि चित्र पाहून मत देण्याची या गावाची परंपरा जुनी असणार, असा माझा एक लाडका तर्क आहे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं; शां. भा. देव आणि जगत्पती जोशी त्याचे प्रमुख. जगन्नाथ टेकडीवर दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्यावर चित्रं कोरलेली, मुचलिंद नागाच्या चित्राला त्याच्या नावाचा मजकूर, आणि ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं. पैसे घालणाऱ्यांची नावं आवर्जून दाखवायची ही रीत सिनेमाने पुढे चालवली, एवढंच. प्रदक्षिणा घालणाऱ्यांपैकी कोणीतरी "नाग बरा जमलाय, पण मागच्या खांबावरचा बेकार" असं पुटपुटला असेलच. ते मात्र कोणी कोरून ठेवलं नाही.

सर्वांत मोठा वाद मी ऐकला तो 'सैराट'वर. 29 एप्रिल 2016 ला तो आला आणि मे महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. गाण्यांवर एकमत होतं, भांडण शेवटावर. रक्ताचे पाय उमटवत चालत जाणारं ते लेकरू दाखवायला हवं होतं का? एक गट म्हणे, पैसे देऊन एवढं दुःख कशाला घ्यायचं. दुसरा म्हणे, तो शेवट नसता तर बाकीचा सिनेमा नुसता नाचच होता. आठवडाभर ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की कोण काय बोलणार, हे सिनेमावर अवलंबूनच नव्हतं. ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुलगी होती त्यातले काही बाप फार मोठ्याने बोलत होते आणि काही अगदी गप्प. "त्या पोरीचंच चुकलं" असं एक जण म्हणाला, तेव्हा टपरीवरचा एक तरुण उठून निघून गेला. सगळ्यांना कारण माहीत होतं. कोणी काही बोललं नाही. त्या दिवशी ते सिनेमाबद्दलचं मत राहिलंच नव्हतं. प्रत्येकजण आपली जात, आपलं घर, आपली भीती पडद्यावरच्या माणसांच्या नावाने बोलून घेत होता. थेट बोलले असते तर हातघाईवर आले असते. आर्ची-परशाच्या आडून पवनी महिनाभर त्या विषयावर बोलली, जो एरवी गावाच्या परकोटाच्या आत उच्चारलाही जात नाही. एवढं काम कुठल्या परिसंवादाने केल्याचं मला आठवत नाही.

काही वेळा आडून बोलण्याची गरजच नसते, कारण प्रेक्षकच तज्ज्ञ असतो. 2022 चा 'झुंड' नागपूरच्या विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलवर बेतलेला. त्यातली पोरं बोलायला लागल्यावर मागच्या रांगेतून आलेलं "हे आपले होत गा" हे वाक्य मला बच्चनसाहेबांच्या अभिनयापेक्षा जास्त लक्षात राहिलं. 2021 मध्ये 'शेरनी' घराघरांत मोबाइलवर पाहिला गेला. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचं एक प्रवेशद्वार पवनीच्या बाजूला आहे. नागझिऱ्याहून चालत आलेला 'जय' वाघ इथल्या लोकांनी पाहिलाय आणि 2016 मध्ये तो नाहीसा झाल्यावर महिनोन्‌महिने त्याची वाट पाहिलीय. वाघ, जंगलखातं आणि मोहाला जाणारी माणसं यांच्यावरचा सिनेमा त्यांना कोणी समजावून सांगायचा? जंगलाला लागून शेत असलेल्या एकाचं परीक्षण दोन वाक्यांचं होतं. "ऑफिसातला भाग खरा हाये. जंगलात एवढी शांतता नसते."

अलीकडे मात्र एक वेगळी भाषा कानावर येते. सिनेमा कसा आहे विचारलं की उत्तर मिळतं, "दोनशे कोटी झाले." ही भाषा मूळची वितरकांची. विदर्भ 1956 मध्ये मध्य प्रदेशातून निघाला, 'सी.पी. अँड बेरार' हा प्रांत इतिहासात जमा झाला, पण सिनेमाच्या धंद्यात 'सी.पी. बेरार' हा इलाखा अजून जिवंत आहे. वितरकांच्या खतावणीत पवनी अजून त्याच ब्रिटिश प्रांतात राहते. ही खतावणी पूर्वी धंदेवाल्यांपुरती होती. आता ती टपरीवर आली. 2025-26 च्या हंगामात धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये, तोही पदरात पडेपर्यंत हजार खेटे, असा शेतकरी कुठल्याशा नटाच्या पहिल्या दिवसाच्या कमाईचे आकडे घडाघडा सांगतो. मला यात गंमत वाटत नाही. तो माणूस हुशार आहे, फक्त त्याने आपलं मत सोडून दुसऱ्याचा गल्ला मोजायला घेतलाय. मोबाइलमुळे हेच होतं. एकदा एका संध्याकाळी तीन वेगवेगळ्या तोंडांतून मी अगदी एकच वाक्य ऐकलं, त्यातला 'पटकथा' हा शब्दसुद्धा तोच. तिघांपैकी एकानेही सिनेमा पाहिला नव्हता. ओळखीच्या तोंडातून अनोळखी मत आलं की माझी वजाबाकी अडते. काय वजा करायचं तेच कळत नाही.

येणाऱ्या सिनेमांवरची मतं तर न पाहताच द्यायची असतात, त्यामुळे ती अधिक ठाम. नितेश तिवारींच्या 'रामायण'ची घोषणा झाली, एक भाग 2026 च्या दिवाळीला, दुसरा 2027 च्या, आणि राम म्हणून रणबीर कपूर शोभतो का यावर कामकाज सुरू झालं. साठीच्या पुढच्यांचा निकाल आधीच लागलाय. त्यांच्यासाठी राम 1987 च्या रविवारी सकाळी येऊन गेला. टीव्ही असलेल्या घरात सगळी गल्ली बसली होती. नवा राम कितीही चांगला निघाला तरी ती गल्ली तो कुठून आणणार? पोरं त्यांना हसतात, आणि त्याच दमात यश रावण म्हणून "गजब" असणार हे छातीठोक सांगतात. त्याचाही पुरावा काही नाही.

माझ्या मते पवनीची सर्वांत मोठी सिनेसमीक्षक आमच्या गल्लीतली एक काकू आहे. 2023 च्या पावसाळ्यात ती नागपूरला बहिणीकडे गेली होती. 'बाईपण भारी देवा' तेव्हा जोरात होता, बाया लुगडी-दागिने घालून घोळक्याने जात होत्या. तीही गेली. परत आली तेव्हा रोवणी सुरू होती. गुडघाभर चिखलात, वाकून पऱ्हे खोवता खोवता तिने अख्खा सिनेमा बांधीभर बायांना सांगितला. सिनेमा अडीच तासांचाही नाही. काकूचा दीड दिवस चालला. मध्ये भाकरीची सुट्टी झाली, तेच मध्यंतर. सहा बहिणींपैकी प्रत्येकीला तिने बांधीतल्या एकेकीचा स्वभाव दिला होता, हे धुऱ्यावर उभा असलेल्या मलाही कळत होतं. एका बहिणीला तर तिने सासरी परत पाठवलंच नाही.

पुढे मी सिनेमा पाहिला. ते सासर, ती बहीण, तो प्रसंग, काहीच त्यात नव्हतं. परत आल्यावर बांधीतल्याच एकीने विचारलं, "कसा हाये जी?" मी म्हटलं, "चांगला आहे. पण काकूने सांगितला तसा नाही."

"मंग कायले पैसे घालवावं?" ती म्हणाली आणि घागर उचलून चालू लागली.