आधी घरचे, की दूरचेही?

आजचं वाचन: २ करिंथ, अध्याय ८ आणि ९



मागच्या आठवड्यात आमच्या युथ ग्रुपवर एका ख्रिस्ती निधीची माहिती आली. हा निधी स्वतः शाळा किंवा दवाखाना चालवत नाही. लोकांचं दान एकत्र करतो, अर्ज तपासतो आणि देशातल्या-परदेशातल्या कामांना अनुदान देतो. लगेच एकाने विचारलं, "मांजरीतली गरज संपली का, म्हणून बाहेर पैसे पाठवायचे?" प्रश्न रास्त आहे. त्यावर वचन काय म्हणतं ते पाहू.

पौल यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करत होता. देणारे मासेदोनियाचे लोक स्वतःच हलाखीत होते. पण पैसा कुठून कुठे चाललाय, ते बघा. सुवार्ता निघाली यरुशलेमहून, ती मूळ मंडळी. आणि मदत येतेय नव्या, परक्या मंडळ्यांकडून! म्हणजे देणारा कायम देणारा आणि घेणारा कायम घेणारा, असं पौल मानतच नाही. तो समानतेबद्दल बोलतो: आज तुमच्या भरपूरातून त्यांची उणीव भरेल, उद्या त्यांच्या भरपूरातून तुमची.

आता आपल्याच रेल्वेलाईनवरचं उदाहरण. मांजरीवरून दौंडकडे जाताना केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या लोकांसमोर इथल्या विधवांची स्थिती मांडली. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला 'रमाबाई असोसिएशन' उभी राहिली आणि तिने दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची बालविधवा होती. पुढे महर्षी कर्व्यांशी लग्न होऊन त्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाल्या. १८८७ साली बॉस्टनमध्ये गरीब नव्हते का? होतेच. पण तिथल्या बायका "आधी आमचं गाव" म्हणून थांबल्या असत्या, तर गोदूबाईंसाठी ते दार उघडलंच नसतं.

आणि गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. मग ते दान वाया गेलं का?

हा जास्त अवघड प्रश्न आहे. शारदा सदनात धर्माचा आग्रह धरायचा नाही, असं असोसिएशनशी ठरलेलं होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, त्या आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपली श्रद्धा लपवावी का? मला वाटतं, नाही. पालकांची भीती खोटी होती का? तेही नाही. ज्याच्या हातात अन्न आणि छप्पर आहे, त्याच्या साध्या प्रार्थनेलाही वजन येतं. हे देणाऱ्याने कधी विसरू नये.

पौल म्हणतो, दान जबरदस्तीने देऊ नये, मनापासून द्यावं. मग जे जबरदस्तीने देता येत नाही, त्याच्या बदल्यात विश्वास कसा मागता येईल? आपल्या भाषेत सांगायचं तर, अनुदान देणाऱ्याला हिशेबाचा रीड अ‍ॅक्सेस असावा, माणसाच्या मनाचा रूट अ‍ॅक्सेस नाही.

हिशेब मात्र चोख हवाच. पौलाने वर्गणी एकट्याने नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, म्हणजे कोणी बोट दाखवू नये. आज आपल्याकडे परदेशी देणग्यांचा कायदा कडक आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेतलेली संस्था ती पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. यातल्या काही अटी छोट्या संस्थांना जड जातात, हे खरं. पण पावती आणि ऑडिट हा भक्तीचाच भाग आहे.

मग मित्राला उत्तर काय? गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात पौल सगळ्यांचं बरं करायला सांगतो, आणि विश्वासाच्या घरच्यांचं विशेष. 'विशेष' म्हणजे 'फक्त' नव्हे. आपल्या सोसायटीत भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या मुलीची फी आधी भरा. मग दूरच्या कोणासाठी थोडं बाजूला काढा, भले शंभर रुपये. आपल्यापैकी कितीतरी जणांचा पगार परदेशी क्लायंटच्या पैशातून होतो. येताना तो पैसा दूरचा वाटत नाही. मग देतानाच का वाटावा?

आजची प्रार्थना: प्रभू येशू, मला जवळचा दिसू दे आणि दूरचा विसरू नको देऊस. मी दिलेल्या हाताने कोणाचं मन विकत घेऊ नये, एवढं कर. आमेन.