कोणत्या किनाऱ्यावर घर करावे?

उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात अब्राम आणि लोट यांच्या गुराख्यांमध्ये भांडण जुंपते. जमीन दोघांना पुरेनाशी होते, तेव्हा अब्राम वडीलकीचा मान बाजूस ठेवून निवडीचा पहिला हक्क पुतण्याला देतो. लोट नजर वर करून पाहतो. यार्देन नदीचे भरपूर पाण्याचे खोरे त्याच्या मनात भरते आणि तो तिकडे तंबू हलवतो. तेथील लोक कसे आहेत, याची त्याने चौकशी केल्याचे मात्र शास्त्रात कोठेही नाही. आणि सदोम तर त्याच खोऱ्यात होते.

परिचारिकेच्या नोकरीनिमित्त आयर्लंडला निघालेल्या आमच्याकडील कुटुंबांशी बोलताना आम्हास ही कथा आठवते. जायचे हे ठरलेले असते. प्रश्न उरतो तो गावाचा. पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे, दक्षिणेस कॉर्कच्या बंदरातील बेटावर वसलेले कोव्ह. दोन्ही समुद्रकाठची, दोन्ही ठिकाणी कॅथेड्रल, आणि दोन्हीकडे डिसेंबरात साडेचारच्या सुमारास दिवस मावळतो. मग निवडावे कशाच्या बळावर?

गॉलवेचे पारडे सहज जड होते. ते शहर आहे. मोठे रुग्णालय आहे, विद्यापीठ आहे. जुन्या तुरुंगाच्या जागी उभारलेले तेथील कॅथेड्रल 1965 साली अर्पण झाले. (तुरुंगाच्या जागी वेदी, ही कल्पना आम्हास फार आवडते.) शहरालगत क्लाडा नावाची मच्छीमारांची जुनी वस्ती होती. तेथील कोळी आपला 'राजा' आपणच निवडीत. कोळीवाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे फारसे परके वाटू नये. पण ती गवताने शाकारलेली घरे 1930 च्या दशकात पाडली गेली. आज क्लाडाचे नाव जगभर पोचले आहे ते दोन हात, हृदय आणि मुकुट असलेल्या अंगठीमुळे. वसईच्या वाड्यांतून इमारती उभ्या राहताना पाहिलेल्या माणसास यात थोडी खिन्नता वाटेल.

कोव्ह लहान आहे. नोकरीसाठी बहुधा कॉर्कला जावे लागते. आगगाडीने सुमारे पंचवीस मिनिटे, आणि पुढे बस. परंतु या गावाची गोष्ट निराळी आहे. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडचे सुमारे दहा लाख लोक मेले आणि जवळजवळ तितकेच देश सोडून गेले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत सुमारे पंचवीस लाख माणसांनी याच धक्क्यावरून मायभूमीचा निरोप घेतला. 1 जानेवारी 1892 रोजी अमेरिकेच्या एलिस आयलंडवर सर्वप्रथम नोंद झालेली ॲनी मूर ही मुलगी येथूनच निघाली होती. धक्क्यावर तिचा पुतळा आहे. 11 एप्रिल 1912 रोजी टायटॅनिक जहाज शेवटचे थांबले ते येथेच. 1915 च्या मे महिन्यात लुसिटानिया बुडाली, तेव्हा समुद्राने परत केलेली अनोळखी प्रेते या गावाने आपल्या दफनभूमीत पुरली. ज्यांच्यासाठी रडणारे जवळ कोणी नव्हते, त्यांना माती देणारे हे गाव आहे.

लोयोलाच्या संत इग्नाती यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेत निवडीविषयी जे मार्गदर्शन केले, ते अशाच प्रसंगांसाठी आहे. पाप आणि पुण्य यांत निवड करण्याचा प्रश्नच नसतो. पापाला नकार द्यायचा असतो. विवेचन लागते ते दोन्ही वाटा चांगल्या असतात तेव्हा. फायदे-तोटे मांडून पाहावेत, हे ते सांगतातच. तथापि आपल्याला पूर्वी कधी न भेटलेल्या माणसाने हाच प्रश्न विचारला तर त्याला काय सल्ला देऊ, आणि मरणाच्या क्षणी आपण कोणता निर्णय घेतलेला बरा वाटेल, हेही स्वतःस विचारण्यास ते सुचवतात. ज्या गोष्टीला आपण आधीच बिलगलो आहोत तिच्या बाजूनेच बुद्धी वकिली करते, हे त्या संताने पुरते ओळखले होते.

आमचा कल विचाराल, तर तो कोव्हकडे आहे. ज्या गावाने आपली मुले दूर पाठवली, त्याला परक्या मुलाची आई लवकर कळेल, असे आम्हास वाटते. हा भाबडेपणा असू शकेल. गावाचा इतिहास म्हणजे आजचा शेजारी नव्हे, आणि रात्रपाळी संपवून बस व गाडी गाठणाऱ्या सुनेला इतिहासाने ऊब मिळत नाही. तिचे रुग्णालय गॉलवेला असेल, तर गॉलवेच बरे. शिवाय त्या देशात घरांची टंचाई आहे. भाड्याचे घर जेथे मिळेल तेथे राहावे लागते, हेही खरे. पण निदान लोटाप्रमाणे केवळ खोरे पाहून तंबू हलवू नये. तेथल्या मिस्सेला कोण येतात, हे विचारावे. 2016 साली आयर्लंडमध्ये कॅथलिकांचे प्रमाण 79 टक्के होते, ते 2022 च्या जनगणनेत 69 टक्क्यांवर आले. अशा ठिकाणी आपण केवळ घेणारे म्हणून जाणार, की गायनवृंदात उभे राहणार आणि मुलांना धर्मशिक्षण देणार?

आणखी एक गोष्ट आमच्या मनाला लागून राहते. वृद्ध आईवडिलांना कायमचे तेथे नेणे नियमांमुळे सोपे नसते. दोन गावांची तुलना करणारा कागद आम्हास दाखवला जातो, तेव्हा त्यात शाळा असते, भाडे असते, पावसाचे दिवसही असतात. मागे राहणाऱ्यांसाठी त्यात रकाना आहे का, असे आम्ही विचारतो. बहुधा कागद मुकाट्याने घडी घालून खिशात जातो.