खर्ज ऐकताना

रात्रीचे अकरा वाजून जाऊ द्या. पंखा बंद करा. फ्रिजची घरघर थांबेपर्यंत वाट बघा. ती थांबते तेव्हाच कळतं, की इतका वेळ ती चालू होती. टेबलावर दोन प्लेअर शेजारी शेजारी ठेवा. हेडफोनला अजून हात लावू नका.

माझ्याकडचा एक प्लेअर जुना, आत इवलीशी हार्डडिस्क असलेला. तळहातावर धरून गाणं लावलं, की आत काहीतरी जागं झाल्यासारखी बारीक थरथर लागते. पुढचा भाग मेमरीत भरून झाला, की ती थांबते. दुसरा अलीकडचा. आत फिरणारं काही नाही, हाताला गार लागतो. यांतल्या कुणाचा आवाज चांगला, या प्रश्नाला मी कित्येक वर्षं घाईघाईने उत्तर देत आलो. आज घाई नको.

आता हेडफोन लावा. संगीत नको, जिच्यात काहीच मुद्रित केलेलं नाही अशी कोरी फाइल वाजवा. शांतता ऐका. आधी स्वतःचा श्वास ऐकू येईल, मग कानाच्या आतला दाब जाणवेल. त्याच्याही मागे, कानात संवेदनशील इयरफोन असतील तर, एक पातळ ‘सूं’ सापडेल, लांबवर नळ सुरू असावा तशी. ती प्लेअरच्या अॅम्प्लिफायरची. एका प्लेअरवर ती असेल, दुसऱ्यावर कदाचित नसेल. मोठ्या हेडफोनमध्ये ती बहुधा मुळीच ऐकू येत नाही. एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला.

दोन्हींचा आवाज एका पातळीवर आणल्याशिवाय तुलना सुरू होत नाही. मी हे फार उशिरा शिकलो. नवा प्लेअर मला ‘खुला’ वाटायचा, ‘श्वास घेणारा’ वाटायचा. 1 किलोहर्ट्झचा सलग सूर दोन्हींवर लावून मल्टिमीटरने मोजलं, तेव्हा दिसलं की नवा जवळजवळ 1 डेसिबलने मोठा वाजत होता. एवढा फरक ‘मोठा’ म्हणून कानाला सहसा कळत नाही, तो ‘चांगला’ म्हणून कळतो. आवाज वाढला की कान खालचे सूर अधिक भरून ऐकतात, आणि आपण त्याचं श्रेय प्लेअरला देऊन टाकतो. दोन्हींचे व्होल्ट दोन टक्क्यांच्या आत जुळवले, आणि माझा तो खुलेपणा कुठे गेला ते मला आजवर सापडलेलं नाही.

आता तंबोरा. ख्यालाची सुरुवात निवडा. गायकाने अजून तोंड उघडलेलं नाही, तबला यायचा आहे. पंचम, जोड, जोड, खर्ज. पहिलं आवर्तन नुसतं जाऊ द्या. दुसऱ्यात लक्ष फक्त शेवटच्या तारेवर ठेवा. बोट सुटतं, क्षणभर मांसाचा आणि धातूचा स्पर्श ऐकू येतो, आणि मग तार उमलत जाते. काळी एकचा तंबोरा असेल तर खर्ज साधारण 69 हर्ट्झला बोलतो. त्याच्या पाचपट आंदोलनांवर, 346 हर्ट्झच्या आसपास, कुणीही न छेडलेला गंधार हळूच वर येतो. स्वयंभू गंधार. त्याची वाट बघा. पहिल्यांदा नाही मिळाला तर पुन्हा बघा. तो सापडला की खोली थोडी मोठी झाल्यासारखी वाटते.

हा गंधार दोन्ही प्लेअरवर येईल. तो हरवण्याइतका वाईट प्लेअर मिळणंच कठीण. म्हणून त्याला मनात धरून ठेवा, आणि त्याच्या वर जे तरंगतं तिकडे कान न्या: जवारीची ती झिलई. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून घासून ती काढतात, आणि वाजवणारा घोडीवरचा दोरा केसभर सरकवून ती खुलवतो. तिथे एकही सूर एकटा नसतो. शेकडो बारीक आंदोलनं एकमेकांत विणलेली असतात आणि ती वीण सतत सरकत राहते.

याच ठिकाणी फाइल उघडी पडते. सीडीवर दर सेकंदाला 44,100 नमुने असतात, प्रत्येक 16 बिटांचा, दोन बाजूंसाठी. म्हणजे सेकंदाला सुमारे 1411 किलोबिट. 128 किलोबिटांच्या एमपी3मध्ये त्याचा अकरावा हिस्सा उरतो. मोठ्या सुराखाली दबून जे कानाला कळणार नाही ते टाकून द्यायचं, ही त्यामागची समज, आणि ती बहुतांश खरी आहे. पण जवारीत काय दबलेलं आणि काय उघडं, हे ठरवणं अवघड. एमपी3 घडवणाऱ्यांपैकी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ पुन्हा पुन्हा वाजवून आपली पद्धत पारखली, आणि त्या गाण्यात नुसता एकटा आवाज आहे, साथ नाही. उघड्या सुराला लपायला जागा नसते. तंबोऱ्याचंही तेच. तेव्हा दोन प्लेअरवर दोन वेगळ्या फाइली ठेवून तुलना करत असाल, तर थांबा. एकच फाइल दोन्हींवर घाला, शक्यतो काहीच टाकून न देणारी, म्हणजे फ्लॅक.

पुढच्या भागाला माणूस लागतो. मी बहिणीला पाठीमागे बसवलं. कुठला प्लेअर जोडायचा ते ती नाणं उडवून ठरवणार, मी फक्त सांगणार, जुना की नवा. तुकडा दहा सेकंदांचाच ठेवला, कारण ऐकलेल्या आवाजाची ताजी खूण काही सेकंदांतच पुसट होते. मिनिटभर वायरी बदलण्यात गेलं, की आपण आवाज आठवत नसतो, आवाजाबद्दलचं आपलं मत आठवत असतो. मोठे, 300 ओहमचे हेडफोन लावून सोळा वेळा ऐकलं. नऊ वेळा बरोबर. नाण्याने उत्तरं दिली असती तरी साधारण तेवढीच आली असती. सोळापैकी बारा आले, तर ते योगायोगाने होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. नऊला तसा काही अर्थ नाही. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या फरकावर मी प्रेम केलं, तो तिथे नव्हता.

मग बहीणच म्हणाली, “दादा, तू प्रवासात ते छोटे कानात घालतोस, ते लावून बघ ना.” 16 ओहमचे साधे इयरफोन. या वेळी तबला आल्यानंतरचा तुकडा घेतला. सोळापैकी चौदा.

डोळे मिटूनच मी ओळखत होतो. चाटेवरचा ‘ना’ दोन्हीकडे सारखा. पण जुन्या प्लेअरवर डग्ग्याचा घुमारा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. ‘घे’ची मींड खाली उतरता उतरता विरळ व्हायची, पायरी असावी आणि पाय टेकू नये तशी. कारण नंतर कळलं. त्या काळच्या बऱ्याच प्लेअरमध्ये हेडफोनच्या वाटेवर एक कपॅसिटर असे, आणि तो हेडफोनच्या ओहमांशी मिळून खालचे सूर गाळायचा. कपॅसिटर 100 मायक्रोफॅरडचा धरला, तर 16 ओहमला 100 हर्ट्झच्या आसपासच 3 डेसिबलची उतरण लागते. तोच प्लेअर, तोच कपॅसिटर, पण 300 ओहमचे हेडफोन लावले की उतरण जाते 5 हर्ट्झवर, जिथे माणसाचा कान पोचतच नाही. एकट्या प्लेअरमध्ये शोधत होतो तो फरक प्लेअर आणि इयरफोन यांच्या जोडीत होता, आणि इयरफोन बदलला की तो येत होता, जात होता.

आता तुमच्या टेबलाकडे या. रोज जे इयरफोन वापरता तेच लावा. आवाज जुळवलेला आहे ना, पुन्हा एकदा बघा. पाठीमागे बसलेल्या माणसाला बोलायला सांगू नका. ध्वनिमुद्रण सुरुवातीला न्या. पंचम. जोड. जोड. पुढच्या तारेची वाट बघा.